खंडेनवमीला धुतलेला दगड

हे आजपर्यंत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. हेमाला, म्हणजे माझ्या बायकोलाही, हे ठाऊक नाही. पुण्यातल्या मुलीला नाही. दर सोमवारी कुणकेश्वराला जातो, गाभाऱ्यासमोर हात जोडून उभा राहतो, आणि तिथेसुद्धा आंब्याच्या मोहराचं, गुडघेदुखीचं बोलून परत फिरतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. नाही — हेही खरं नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो गेला, म्हणून सांगतोय. तो होता तोवर हिंमत लागत होती. आता लागत नाही.

तो म्हणजे बाबल. आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होता, गाव त्याला मास्तर म्हणायचं, मी बाबलच म्हणायचो, कारण आम्ही एकाच वर्गात मार खाल्लेला. मी मुंबईला गोदीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो आणि गावी परत आलो तेव्हा घरामागची आंब्याच्या अढीची खोली रिकामी पडली होती. तिथे मी माझं वर्कशॉप थाटलं. कोल्हापूरहून एक जुना छोटा लेथ, धातू कातायचं यंत्र, आणला, टेम्पोतून घाट उतरवताना माझा जीव टांगणीला लागला होता. मग एक भोकं पाडायचं मशीन, वस्तू घट्ट पकडून ठेवायचा एक वाइस, धार लावायचा एक ग्राइंडर. हेमा म्हणायची, म्हातारपणी लोक देवदेव करतात, ह्यांना लोखंड सुचलंय. तिचं काही चूक नव्हतं. पण जन्मभर दुसऱ्यांची कागदपत्रं इकडची तिकडे केलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने एखादी वस्तू घडवावीशी वाटते — ते तिला समजावून सांगायला मला कधी जमलं नाही.

बाबलला सांगावं लागलं नाही. तो पहिल्याच दिवशी आला, लेथच्या चाकावर हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला. कागदावर एक वाफेचं इंजिन काढलेलं होतं. तळहातावर मावेल एवढं. सिलिंडर, दट्ट्या, चाक, सगळं मापासकट, आणि असं सुरेख काढलेलं की मी नुसता बघत राहिलो. ते बनवायचं, लाकडाच्या होडीत बसवायचं आणि देवळाच्या तळीत सोडायचं, असा त्याचा बेत होता. मुलं वेडी होतील, म्हणाला. आम्ही दोघं आधी झालो.

त्याच्या डाव्या डोळ्याचं इथेच सांगून टाकतो. लहानपणी विटी लागून तो डोळा गेल्यात जमा होता. उजेड-अंधार कळायचा, बस. जन्मभर त्याने जी चित्रं काढली ती एका उजव्या डोळ्यावर. ती विटी लागली तेव्हा मी तिथे होतो. मारली मी नव्हती — पण मी तिथे होतो, म्हणजे मला त्याच्या डोळ्याचं माहीत नव्हतं असं मी कुणाला म्हणू शकत नाही.

आता माझ्या स्वभावाबद्दल. मी फार काटेकोर माणूस. म्हणजे तसा माझा लौकिक होता, आणि तो मी स्वतःच वाढवला होता. अवजार वापरलं की पुसून जागेवर. लेथवर शर्टाची बाही मोकळी नको. आणि ग्राइंडरच्या दगडाबद्दल तर मी कीर्तनच करायचो. हा दगड म्हणजे पाट्याचा दगड नव्हे, कणांची दाबून केलेली चकती असते ती, भरधाव फिरते. तिला बारीकशी चीर असली तर फिरता फिरता फुटते आणि तुकडे गोळीसारखे येतात. म्हणून चढवण्याआधी ती वाजवून बघायची. मधल्या भोकात बोट घालून लोंबती धरायची आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेला हलकेच टिचकी मारायची. टणकन वाजली तर ठीक. बद्द आवाज आला तर चीर आहे, चकती फेकून द्यायची. मी हे इतक्या वेळा सांगितलं की बाबलने वैतागून ते सुंदर अक्षरांत भिंतीवर रंगवूनच ठेवलं: दगड वाजवल्याशिवाय चढवू नये. त्याच्या शेजारी दुसरी ओळ: पितळ दगडाला लावू नये. पितळ मऊ, ते दगडाच्या कणांत भरून बसतं, दगड गुळगुळीत होतो, तापतो. ही दुसरी ओळ खास बाबलसाठी होती. तो उतावळा. इंजिनाचे छोटे छोटे पितळी बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या नळ्या, हाताने कानस मारून करायचा त्याला कंटाळा यायचा, आणि माझी पाठ वळली की तो ते दगडाला लावायचा.

त्या वर्षी नवरात्रात आमचं भांडण झालं. भांडण कसलं — मीच बोललो. माझा मायक्रोमीटर त्याच्या हातून खाली पडला. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जमिनीवर पडला, वाकला. मुंबईहून जपून आणलेला. त्या वेळी खोलीत दोन-तीन शेजारी बसले होते आणि मी त्यांच्यादेखत त्याला म्हटलं, तुझ्या हातात खडूच बरा, माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस. हसत हसत म्हटलं, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय ठेवली नाही. तो ओशाळला. उठून गेला नाही, बसून राहिला, पण त्या दिवशी त्याने परत कशाला हात लावला नाही.

हे मी का सांगतोय? कारण हे नसतं तर पुढचं झालं नसतं. मी तरी तसं समजतो.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा. शेतकरी नांगर-कोयते धुतो, खलाशी होडीला नारळ फोडतो, मी माझी मशीनं पुसायचो. मी तर ग्राइंडरचा दगड काढून धुवायला घेतला. दगड धुवायचा नसतो. तो पाणी पितो, एका बाजूला जड होतो. हे मला माहीत होतं की नव्हतं? माहीत होतं. पण त्यावर पितळाचा पिवळा थर बसला होता — बाबलने माझी पाठ वळल्यावर केलेलं काम — आणि पूजेला सगळं लख्ख हवं, असा माझा हट्ट. चडफडत मी न्हाणीजवळ बसलो, ब्रशने घासला. पिवळं गेलं. उठताना साबणाचा हात, दगड निसटला आणि न्हाणीच्या कडेच्या चिऱ्यावर आपटला.

इकडे-तिकडे पाहिलं. हेमा आत, पूजेच्या तयारीत. बाबल पडवीत, झेंडूच्या माळा ओवत होता. कुणी पाहिलं नव्हतं.

उचलला. चीर दिसली नाही, पण ती दिसतच नसते, म्हणून तर वाजवायचं. बोटावर घेतला, मुठीने टिचकी मारली. आवाज बद्द आला.

आता ऐका. ओल्या दगडाचा आवाज बसकाच येतो, चांगल्या दगडाचासुद्धा. हे खरं आहे, कुठल्याही पुस्तकात मिळेल. मी मनाशी म्हटलं, ओला आहे म्हणून. वाळल्यावर परत वाजवू. इथपर्यंत मी निदान मूर्ख तरी होतो. पण मग पूजेची वेळ झाली, पूजेच्या दिवशी वस्तू हातातून पडली म्हटल्यावर हेमाचा चेहरा उतरला असता, आणि पडवीत बाबल बसला होता. त्याला मी काय म्हणणार होतो? माझ्याही हातून पडला? दोन-तीन दिवसांपूर्वी चारचौघांत त्याची शोभा केलेली. तो नक्की काही बोलला नसता. नुसता हसला असता. ते हसू मला नको होतं. एवढ्यासाठी. दुसरं काही कारण शोधून मला आजवर सापडलं नाही.

मी ओला दगडच मशीनवर चढवला. हेमाने ओली हळद आणि कुंकू लावलं, माळ घातली. त्या दिवशी अवजार चालवायचं नसतं, दसऱ्यालाही आम्ही चालवत नाही. दगड वाळला. मी परत वाजवला नाही. चढलेला दगड वाजवता येत नाही, उतरवावा लागतो, आणि उतरवला तर — आवाज कसा येईल ते मला कळून चुकलं होतं, असं आज वाटतं. तेव्हा वाटत होतं का? वाटत होतं. म्हणूनच उतरवला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबल आला. लेथवर धातू कापायचं टूल बोथट झालं होतं, त्याला धार लावायची होती. मायक्रोमीटरच्या प्रकरणानंतर तो जरा जपून वागत होता, मला खूश करायला बघत होता, म्हणून माझाच नियम त्याने मला विचारला.

"दगड वाजवन बगलंस मां?"

"बगलंय."

"आवाज?"

"खणखणीत," मी म्हणालो.

मी काटेकोर माणूस. माझ्या शब्दावर संशय कोण घेणार? त्याने मशीन चालू केलं आणि शिकवल्याप्रमाणे बाजूला उभा राहिला, दगड थोडा वेळ मोकळा फिरू द्यावा म्हणून. मीही उभा राहिलो. दाराजवळ. त्याच्यापासून लांब. हे लक्षात घ्या — मी लांब उभा राहिलो. दगड नीट फिरला. मला इतकं हायसं वाटलं की मी बाहेर जाऊन हेमाला चहा टाकायला सांगितलं. टूल बारीक होतं, त्याला कोन नीट दिसेना, म्हणून तो चांगला डोळा जवळ नेऊन वाकला असणार. डोळ्यावर काम करतानाचा जाड चष्मा नव्हता, वाचायचा होता. मी स्वयंपाकघरातून दगड फुटल्याचा आवाज ऐकला.

त्या वेळचं मी फार सांगणार नाही. शेजारच्याची गाडी काढली, देवगड, तिथून कोल्हापूर. सुलोचना वहिनी, बाबलची बायको, वाटभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दवाखान्याच्या बाकावर तिने मला विचारलं, भावोजी, झालं काय, कसं झालं? साधा प्रश्न. तिला फक्त कळायला हवं होतं. आणि माझ्या तोंडून, आधी ठरवलेलं असावं तसं, निघालं — वहिनी, तो दगडाला पितळ लावायचा, मी कितीदा सांगितलं.

खोटं नव्हतं ना? लावायचा. सांगितलं होतं. भिंतीवर लिहिलेलं होतं. पण ते पितळ मी माझ्या हाताने धुऊन काढलं होतं. दगड पितळाने फुटलेला नाही, हे त्या बाकावर बसलेल्या मला ठाऊक होतं, आणि जेवढी शंका होती तीही दुसऱ्या दिवशी फिटली. घरी येऊन मी खोली झाडली. दगडाचे तुकडे गोळा केले. एका तुकड्याची फुटलेली बाजू पाहिली तर कडेपासून आतपर्यंत, जवळजवळ अर्ध्या जाडीपर्यंत, पिवळी रेघ होती. पितळ नव्हे. हळद. पूजेची ओली हळद चिरेत झिरपली होती. म्हणजे चीर पूजेच्या आधीची, न्हाणीवरची. बोट लावलं तर बोटाला पिवळं लागलं. मी ते तुकडे पिशवीत घातले आणि देवळाच्या पलीकडच्या खडपावरून, किनाऱ्यावरच्या कातळावरून, समुद्रात टाकले. ओहोटी होती, म्हणून ते खोल पाण्याखाली जाईपर्यंत वर भरतीची वाट पाहत बसलो. एवढा काटेकोरपणा मी तेव्हाही सोडला नाही.

उजवा डोळा काढावा लागला.

पट्टी सुटली तेव्हा बाबलला वहिनीने माझं म्हणणं सांगितलेलं होतं. तो एवढंच म्हणाला, होय, पितळ लावलेलं मी. एका शब्दाने तक्रार नाही. त्याने ते लगेच आपलं म्हणून घेतलं. माणसाला कारण हवं असतं — त्याला मी ते आयतं दिलं. मी थांबवू शकलो असतो. त्या दिवशी, त्या क्षणी, अजून वेळ होती. वेळ त्यानंतरही होती, रोज होती. मी मूग गिळून बसलो, आणि जितका बसलो तितकं तोंड उघडणं अवघड होत गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. गावभर गोष्ट झाली: मास्तरान पितळ दगडाक लावल्यान. वहिनी स्वभावाने गरीब, पण त्याचं सगळं करता करता दमायची आणि कधीतरी तिच्या तोंडून निघायचं, भावोजींचं ऐकलं असतंत तर. ते मी ऐकलेलं आहे. त्यांच्याच पडवीत, तिने दिलेला चहा पीत बसलो असताना ऐकलेलं आहे. तो मान खाली घालायचा. मी चहा संपवायचो.

याहून वाईट सांगू का? सांगायलाच बसलोय. वर्कशॉप बघायला कुणी ना कुणी येत असे, कणकवलीचा कुणी हौशी, मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी. बाबल सुरुवातीला काठी टेकत यायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा. आणि मी पाहुण्यांना भिंतीवरच्या ओळी दाखवायचो आणि म्हणायचो, ह्या गंमत म्हणून लिहिलेल्या नाहीत, आमच्या मास्तरांना विचारा. त्याच्यासमोर. तो मान हलवायचा, म्हणायचा, होय होय, पितळ अजिबात लावू नका. मी हे का करत होतो? कुणी मागितलं नव्हतं. मला वाटतं, जितक्या वेळा सांगू तितकं ते पक्कं होत होतं. पुढे तो यायचा बंद झाला. इंजिनाचा सिलिंडर आणि चाक तयार होतं, बाकी राहिलं. त्याने एकदा विचारलं, अर्धं राहिलेलं तू पुरं करशील का. करतो म्हणालो. केलं नाही. त्याचे कागद समोर घेऊन बसलो की माझ्याने हात उचलवायचा नाही. त्याने परत विचारलं नाही.

चित्रकलेचा मास्तर आणि दिसत नाही. तो दिवसभर करायचा काय, हे मी कधी त्याला विचारलं नाही. वहिनी सांगायची, बसून असतात. रेडिओ लावला तर बंद करतात. बोटाने मांडीवर काहीबाही काढत असतात. पहिली दोन वर्षं तो माझी चौकशी करायचा, नंतर कुणाचीच करेना. अंगातली धुगधुगीच गेली होती त्याच्या. डॉक्टर म्हणाले, मन लागत नाही त्याला औषध नाही. मी आठवड्यातून एकदा जायचो. गावात माझं नाव झालं होतं की मित्र असावा तर असा.

मागच्या पावसाळ्यात त्याने अंथरूण धरलं. भाद्रपदात वहिनीचा निरोप आला की तुम्हाला बोलावतायत. गेलो. खोलीत आम्ही दोघंच. मला वाटलं, त्याला कळलंय. कसं कोण जाणे, पण कळलंय, आणि तो आता विचारणार — दगड खरंच वाजवला होतास का? मी घाबरलो. आणि तुम्हाला खरं सांगतो, मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं. विचारू दे. विचारलं तर मी नाही म्हणू शकणार नाही.

त्याने हात पुढे केला, मी धरला. हाडंच राहिली होती.

"अनंता," तो म्हणाला, "माका माफ कर रे. तू इतक्या येळा सांगलंस, मी आयकूक नाय. तुझ्या खोलीक माझ्यामुळे बट्टो लागलो. तू माका कधी वाकडो शब्द बोलूक नाय."

ही वेळ होती. ह्याच्यासाठीच देवाने — किंवा जे कुणी असेल त्याने — मला तिथे बसवलं होतं. दार लोटलेलं होतं, वहिनी स्वयंपाकघरात होती, आणि त्याचा हात माझ्या हातात. एक वाक्य पुरलं असतं. दगड माझ्या हातून पडला होता, बाबल. एवढंच. तो काय करणार होता मला? मरणाऱ्या माणसाकडून मला भीती कसली होती? पण मला त्या बिछान्यासमोर, इतक्या वर्षांनंतरही, लहान व्हायचं नव्हतं.

"जावंदे रे," मी म्हणालो. "मी मनात धरूकच नाय. माफ केलंय तुका."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. रिकाम्या खोबणीतून पाणी येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ते माझ्या रुमालाने पुसलं.

दोन आठवड्यांनी तो गेला. वहिनी बाराव्याला सगळ्यांसमोर म्हणाली की तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून ते शांत झाले, कितीतरी महिन्यांनी त्यांना त्या रात्री झोप लागली. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मलाही त्या रात्री चांगली झोप लागली होती.